तीस तासांचा शेजार

हॉलंडच्या पूर्व भागात आयसेल नदीच्या काठी डेव्हेन्टर नावाचे एक जुने व्यापारी गाव आहे. तेथे ह्युमानिटास नावाचा एक वृद्धाश्रम आहे. दीडशेच्या आसपास वृद्ध माणसांसाठी चालवलेल्या या आश्रमात, त्यांच्याच शेजारच्या खोल्यांतून, कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना राहायला जागा देण्यात आली. मुले फार नाहीत, सहाच. खोलीचे भाडे त्यांना पडत नाही. त्याबदली महिन्याकाठी तीस तास त्यांनी चांगल्या शेजाऱ्यासारखे वागायचे, एवढाच करार.

आता चांगल्या शेजाऱ्यासारखे म्हणजे कसे, असे तुम्ही विचाराल. औषधपाणी, आंघोळ, उचलून खुर्चीत बसवणे ही कामे मुलांची नव्हेत; त्यासाठी शिकलेली माणसे आहेत. मुलांनी संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी बरोबर असावे, फुटबॉलचा सामना शेजारी बसून पाहावा, कोणाचा वाढदिवस असला तर तो साजरा करावा, कॉम्प्युटरवरून पत्र कसे पाठवतात ते दाखवावे, कोणी आजारी पडले तर जरा जवळ बसावे. तेथल्या मुलांनी तर आजीआजोबांच्या हाती रंगाचे फवारे दिले आणि शहरातली पोरे भिंती रंगवतात तशी चित्रे पुठ्ठ्यावर काढायला शिकवले! भजनाखेरीज म्हातारपणाला दुसरा उद्योग नाही असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या गोष्टीची सुरुवात २०१२ च्या सुमारास झाली. त्या काळात डच सरकारने खर्चाला कात्री लावली होती. ज्यांना थोडीच मदत लागते अशा वृद्धांचा आश्रमात राहण्याचा खर्च आता सरकार उचलणार नाही, त्यांनी आपापल्या घरीच राहावे, असे धोरण ठरले. म्हणजे आश्रमात येणार ती अधिक थकलेली, अधिक आजारी माणसे. आणि पैसा मात्र कमी. दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांना परवडेल अशी खोली मिळत नव्हती. आश्रमाच्या संचालिका खेया साइप्केस यांनी या दोन अडचणी एकमेकींशेजारी मांडल्या. दुखरा गुडघा बरा करणे कोणाच्या हाती नसते; पण तो गुडघा सोडून बोलायला दुसरा विषय मिळवून देणे तर हाती असते ना?

खरी मेख येथेच आहे. वृद्धाश्रमात स्वच्छता असते, वेळेवर चहा असतो. पण जेवणाच्या टेबलावर विषय कोणता? काल कोणाला चक्कर आली आणि आज कोणाच्या खोलीत डॉक्टर येऊन गेला! वीस-बावीस वर्षांचा मुलगा तेथे येऊन बसला, की विषय बदलतो. त्याची परीक्षा कशी गेली, काल रात्री तो किती वाजता परतला, बरोबर ती मुलगी कोण होती! अशा चौकशा करायला मिळणे हे म्हाताऱ्या माणसाचे केवढे सुख आहे, हे ज्यांच्या घरी आजी आहे त्यांना सांगायला नको.

पण कोणी म्हणेल, भाडे माफ करून मिळवलेली ही मैत्री खरी कशी? शंका रास्त आहे. मला मात्र आपल्याकडची वार लावून जेवण्याची रीत आठवते. शिकण्यासाठी पुण्यासारख्या गावी आलेला गरीब मुलगा सात घरी सात वार जेवे. तोही एक व्यवहारच होता. कोठे त्या पानावर माया वाढली जाई, तर कोठे ताक आणि टोमणे एकदमच वाढले जात. रीत सगळीकडे तीच. फरक पडे तो माणसांमुळे. शिवाय त्या वारकऱ्या मुलाच्या माथ्यावर उपकाराचे ओझे असे. डेव्हेन्टरच्या मुलाला ते नाही. तो काही घेतो, तसे काही देतोही, म्हणून मान वर करून बोलू शकतो. माझ्या मते मैत्रीला एवढी बरोबरी लागतेच. करार फार तर दार उघडून देतो. तीस तास संपल्यावरही मुलगा बसून राहिला, तर समजावे की आता कराराचे काम उरले नाही.

अमेरिकेत क्लीव्हलंड येथेही असाच प्रयोग झाला. १९२३ साली उघडलेल्या एका जुन्या आलिशान हॉटेलात जडसन मॅनर हे वृद्धांचे निवासस्थान आहे. २०१० पासून तेथे संगीत शिकणारे काही विद्यार्थी बिनभाड्याने राहू लागले. त्यांनी रहिवाशांपुढे वादन करावयाचे. व्हायोलिनचा रियाझ म्हटला म्हणजे एरवी शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली. येथे तो ऐकायला श्रोते आपण होऊन मिळाले.

या सगळ्याला एक अवघड बाजू आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ज्या आजोबांबरोबर पत्ते खेळायचे, त्यांची खोली एक दिवस रिकामी दिसते. घरातला मृत्यू मुलाने कदाचित पाहिलेलाही नसतो. येथे तो वर्षातून अनेकदा शेजारच्या दारी येतो. परीक्षेच्या आदल्या दिवशीही येतो. अशा वेळी त्या पोराशी कोण बोलणार, याची सोय आश्रमाने आधीच करून ठेवली पाहिजे. सहवासाचे तास मोजता येतात, या दुःखाचे कसे मोजणार? उलट बाजूही आहेच. पदवी मिळाली की मुलगा जातो. नव्वदीतल्या माणसाने नव्याने जीव लावायचा तो किती जणांना?

तरीही आपल्याकडे हे करून पाहण्यासारखे आहे. मुंबईत २०२२ साली शंतनू नायडू यांनी रतन टाटांच्या पाठबळाने 'गुडफेलोज' ही संस्था काढली. तरुण पदवीधर वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना सोबत करू लागले. पण ते येऊन परत जाणारे. एका छपराखाली राहण्याची गोष्ट निराळी. पुण्यात खोलीच्या शोधात वणवण करणारी मुले आहेत आणि वृद्धनिवासही आहेत. अडेल ते फाटकापाशी. रात्री आठनंतर आत यायचे नाही, मित्रमैत्रिणींना आणायचे नाही, मोठ्याने हसायचे नाही, अशी पाटी तेथे लागली, तर मुले चार दिवसांत पळ काढतील. डेव्हेन्टरच्या आश्रमाचा मुलांना मुख्य नियम एकच: म्हाताऱ्यांना उपद्रव देऊ नये. बाकी मुलगा रात्री उशिरा आला तर आला. सकाळी न्याहारीच्या वेळी त्याची उलटतपासणी घ्यायला शेजारणी समर्थ आहेत.