थंडगार पाण्यातली उडी आणि एक जुनी नोटीस

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं आवरलं आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझा मला निवडू दिला आहे. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता सिंकिंग फंडावर बोलणार. तसं काही नाही. मी आज पाण्यात उडी मारण्याबद्दल बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलीकडे शिकागोला होतो. फेब्रुवारीत एक दिवस नातू म्हणाला, "आजोबा, मी लेक मिशिगनमध्ये उडी मारणार आहे, तुम्ही मला पन्नास डॉलर द्या." मी म्हटलं, उडी तू मारणार, पैसे मी का द्यायचे? मग त्याने सांगितलं. तिथे ह्याला 'पोलर प्लंज' म्हणतात. ऐन थंडीत गार पाण्यात उतरायचं, त्यासाठी आधी ओळखीच्यांकडून देणगी गोळा करायची, आणि ते पैसे 'स्पेशल ऑलिम्पिक्स'ला जातात. म्हणजे ज्यांची बौद्धिक वाढ इतरांसारखी झालेली नाही, त्यांच्या खेळांसाठी. मी पावती मागितली. पावती आली, मग पैसे दिले. सवय जात नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही नॉर्थ अ‍ॅव्हेन्यू बीचवर गेलो. मी दोन स्वेटर, कोट, कानटोपी घालून. आणि तिथे हजारो माणसं अर्ध्या चड्डीत! कोणी सुपरमॅन झालेला, कोणी डोक्याला कोंबड्याचा तुरा लावलेला. तुकडी-तुकडीने सोडतात. पाण्यात रबरी पोशाख घातलेले पाणबुडे उभे असतात, कारण एवढ्या गार पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तो आपल्या ताब्यात राहत नाही. हृदयविकारवाल्यांनी ह्या भानगडीत पडूच नये. बाहेर आलं की गरम हवेचे तंबू. सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांचा. नातू बाहेर आला तेव्हा ओठ जांभळे आणि तोंडभर हसू.

हे नुसतं पोरांचं खूळ नाही. २०१४ साली शहराचे महापौर राहम इमॅन्युएल स्वतः ह्याच तळ्यात उतरले होते. मुलांनी सुट्टीत वीस लाख पुस्तकं वाचली तर मी उडी मारेन, असं ते बोलून बसले होते आणि मुलांनी वाचली! अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हा कार्यक्रम पोलीस खात्याची मंडळी चालवतात. मेरीलँड राज्यात तिथल्या पोलिसांनीच तो नव्वदच्या दशकात सुरू केला. आणि ज्यांना पाण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी अनेक ठिकाणी वेगळी यादी असते. पैसे द्या, उडी मारू नका. आपल्याकडे तिला 'भित्री भागूबाई' यादी म्हणता येईल.

ह्याच तळ्याच्या काठाने दक्षिणेला गेलं की सोल्जर फील्ड हे स्टेडियम लागतं. २० जुलै १९६८ ला स्पेशल ऑलिम्पिक्सचे पहिले खेळ तिथे झाले. शिकागोच्या उद्यान विभागातली अ‍ॅन बर्क नावाची शारीरिक शिक्षणाची तरुण शिक्षिका अशा मुलांसाठी शहरापुरत्या शर्यतींची योजना घेऊन युनिस केनेडी श्रायव्हर ह्यांच्याकडे गेली. त्या म्हणाल्या, शहरापुरतं कशाला, सगळ्या देशाला बोलवा. केनेडी फाउंडेशनने २५,००० डॉलर दिले. हजारएक खेळाडू आले, आणि एवढ्या अवाढव्य स्टेडियममध्ये बघायला मात्र मूठभर माणसं. (ही अ‍ॅन बर्क पुढे इलिनॉय राज्याची सरन्यायाधीश झाली.)

युनिसबाई म्हणजे अध्यक्ष केनेडींची बहीण. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या मागे होती. १९४१ साली वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवून घेतली, ती फसली, आणि पुढची अनेक वर्षं ती घरापासून लांब एका संस्थेत राहिली. एवढं मोठं घराणं, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. १९६२ मध्ये युनिसबाईंनी ते जाहीरपणे लिहिलं, आणि त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या घराच्या अंगणात अशा मुलांचं शिबिर भरवलं.

त्यांनी अंगण उघडलं. आता मी आपल्या अंगणाकडे येतो.

आपल्या सोसायटीचं चौथं वर्ष. मी सेक्रेटरी होतो. ए विंगमधल्या एका घरातला मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा, क्रिकेटच्या मध्ये जायचा, बॉल घेऊन पळायचा, कोणाला मिठी मारायचा. तक्रारी आल्या. कमिटीत ठराव झाला आणि नोटीस लागली : 'पालकांच्या सोबतीशिवाय विशेष मुलांना आवारात सोडू नये.' मराठीतला अनेकवचनी आदर बघा. मूल एकच होतं. खाली सही माझी. त्याचे वडील नोटीस वाचून काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते त्याला रात्री साडेनऊनंतर फिरायला खाली आणू लागले. मी गॅलरीतून पाहत असे. वर्षानुवर्षं पाहिलं. त्यांच्या परवानगीनेच हे सांगतो आहे. नाव घेऊ नका असं वहिनींनी बजावलंय, तेवढं पाळतो.

त्या दिवशी बीचवर चाळिशीचा एक खेळाडू, गळ्यात पदक, अंगावर टॉवेल, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझा हात धरून म्हणाला, "तुम्ही उडी मारली?" मी म्हटलं, नाही. "मग पुढच्या वर्षी," म्हणाला आणि दुसऱ्या कोणाला विचारायला गेला. मला मात्र आमचा नोटीस बोर्ड आठवला.

परत आल्यावर ए विंगमध्ये गेलो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. माफी मागायची तयारी करून गेलो होतो, पण वहिनींनी चहा टाकला आणि विषय वाढू दिला नाही. तेव्हा कळलं, तो आता बत्तीस वर्षांचा आहे, एका संस्थेच्या गटात बोची खेळतो. लाकडी गोट्यांसारखा मोठ्या चेंडूंचा खेळ असतो तो. २०२३ मध्ये बर्लिनला झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये भारताने २०२ पदकं मिळवली, त्यातली ७६ सुवर्ण, हेही मला त्याच्या वडिलांनी सांगितलं. आपण गच्चीवर पडदा लावून क्रिकेटचा वर्ल्ड कप बघितला, त्याच वर्षीची गोष्ट. त्या खेळांत वय आणि कुवत बघून बरोबरीच्यांचे गट पाडतात, म्हणजे प्रत्येक शर्यत खरी शर्यत होते. शिवाय 'युनिफाइड' म्हणून एक प्रकार असतो, त्यात असे खेळाडू आणि आपल्यासारखे एकाच संघात खेळतात.

तर माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, रविवारी सकाळी सात ते आठ मागच्या मोकळ्या जागेत बोची. चार गाड्या तेवढा वेळ बाहेर काढाव्या लागतील. त्यातली एक माझी आहे. दुसरी, आपल्याकडे तळं नाही, पण गच्चीवर टाकी आहे. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सहाला टाकीच्या पाण्याची एक बादली डोक्यावर. प्रत्येकाने निदान पाच जणांकडून देणगी आणायची. पैसे चेकने, संस्थेच्या नावाने, हिशेब नोटीस बोर्डावर. तो मी ठेवीन.

वही वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. माझं नाव भित्री भागूबाईंच्या यादीत पहिलं, कारण डॉक्टरांनी मला सक्त मनाई केली आहे. बादलीवाल्यांच्या यादीत आत्तापर्यंत एकच नाव आहे, ए विंगमधलं. बादल्या ओतायचं काम करशील का, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "नाही काका, मी भिजणार."