पडद्याची मांडणी आणि वापरणाऱ्याचे मत



जुन्नर तालुक्याचे नाव निघताच शिवनेरी आणि नाणेघाट आठवतात. याच तालुक्यात, नारायणगावजवळील खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती उभारली. या अँटेनांनी टिपलेले संदेश एकत्र करण्याचे आणि त्यांचे विश्लेषण करण्याचे काम ज्या संगणकांवर होते, त्यांवर लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली वापरली जाते. मुक्तस्रोत म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते अशी प्रणाली. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास परिसरातील शाळांची मुले खोडदला येतात. तेथे उपयोगी पडणारी हीच प्रणाली आपल्या शाळेतील जुन्या संगणकावरही चालू शकते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर अनेक जुन्या यंत्रांत नाही. यंत्र सुस्थितीत, परंतु प्रणाली कालबाह्य, असा हा पेच आहे. असे संगणक मोडीत काढावयाचे की त्यांवर लिनक्स बसवावयाचे, याचा निर्णय जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ पश्चिम पट्ट्यातील शाळेलाही घ्यावा लागेल आणि मंचर-नारायणगावसारख्या बाजारपेठेच्या गावांतील कार्यालयांनाही.

लिनक्स स्वीकारावयाचे ठरले, तरी एक निवड उरतेच. विंडोजमध्ये पडद्याची मांडणी कंपनी ठरविते. लिनक्समध्ये ती निरनिराळ्या प्रकारची मिळते. खिडक्या, यादी, बटणे आणि फायलींची कपाटे यांच्या या मांडणीस डेस्कटॉप म्हणतात. केडीई आणि एक्सएफसीई यांचा आरंभ १९९६ मध्ये झाला, तर ग्नोमचा १९९७ मध्ये. पुढे माटे, सिनॅमन, एलएक्सक्यूटी अशी भर पडली.

या मांडण्यांविषयी वापरणाऱ्यांची मते ठाम असतात. ग्नोम कोणास स्वच्छ व निर्वेध वाटते, तर कोणास खालची नेहमीची पट्टी नसल्याने अडचणीचे वाटते. केडीईत हवे ते बदलता येते, ही काहींच्या दृष्टीने सोय, तर काहींच्या दृष्टीने गोंधळ. सिनॅमन आणि माटे विंडोजची सवय असलेल्यास ओळखीचे वाटतात. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी दिसावयास साधे, पण २ जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावरही चालणारे; अर्थात इंटरनेटची अनेक पाने एकाच वेळी उघडल्यास तेही संथ होते.

ही मते केवळ तक्रारी म्हणून राहत नाहीत, हे मुक्तस्रोताचे वैशिष्ट्य होय. २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि तिची बदललेली मांडणी अनेकांना रुचली नाही. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुन्या ग्नोमची आज्ञावली घेऊन ती जोपासण्यास आरंभ केला. त्यातून माटे उभे राहिले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही त्या वर्षी ग्नोमवर कडक टीका करून एक्सएफसीई स्वीकारले. पुढे ते ग्नोमकडेच परतले. या दोन घटनांचा बोध असा की, वापरणाऱ्याचे मत मोलाचे असते. परंतु पहिल्या दिवसाचे मत आणि सरावानंतरचे मत एकच असेल असे नाही.

म्हणून निवड वरून लादू नये. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या पेनड्राइव्हवरून, संगणकातील काहीही न बदलता, चालवून पाहता येतात. दोन-तीन मांडण्या अशा रीतीने लिपिक, संगणक चालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवाव्यात. प्रत्येकाने आपले रोजचेच काम त्यावर करून पाहावे आणि महिनाभरानंतर मत द्यावे. कायमची स्थापना करण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत अन्यत्र ठेवणे अगत्याचे आहे.

मराठीची कसोटी प्रथम लावावी. भारतीय प्रमाण असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये उपलब्ध आहे. सी-डॅकने २००७ पासून दिलेली ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवूनच तयार केली आहे. मात्र युनिकोडपूर्व फाँटमधील जुने दस्तऐवज रूपांतरित करावे लागतील. तसेच छपाईयंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण आणि खात्याची विशिष्ट सॉफ्टवेअरे चालतात की नाही, हे आधी तपासावे. जेथे ती चालत नसतील, तेथे त्या एका कामापुरता आधार चालू असलेल्या विंडोजचा संगणक ठेवणेच शहाणपणाचे. शाळेच्या कामात अशी अडचण सहसा कमी असते. केरळातील शाळांनी लिनक्सवर आधारित शिक्षण मोठ्या प्रमाणावर राबविले आहे.

विहिरीवर कोणता पंप बसवावा, हे ठरविताना शेतकऱ्यास विचारले जाते. संगणकाच्या बाबतीत मात्र त्यासमोर दिवसभर बसणाऱ्यास क्वचितच विचारले जाते. यंत्र बदलण्याचा ठराव मांडण्यापूर्वी ग्रामपंचायतीने आणि शाळा व्यवस्थापन समितीने त्यास एवढेच विचारावे: “तुमचे काम कोणत्या मांडणीत सुकर होते?” त्या उत्तरावर अनेक चांगल्या यंत्रांचे आयुष्य वाढणे किंवा भंगारात जाणे अवलंबून आहे.