वैरणीची पारख



गोठ्यातला विषय व्याख्यानाला कशाला, असे कोणी विचारील. पण मिरजोळे रत्नागिरी शहराला लागून आहे आणि शहराचे दूध गोठ्यातूनच येते. शिवाय वैशाख चालू आहे. पाऊस लागण्यापूर्वी उडवीतला पेंढा माळ्यावर चढवायचा, तो हाच काळ.

पेंढ्याचा वैरी ओल. म्हणून उडवी जमिनीवर रचू नये. खाली दगड व लाकडे घालून उंचावर रचावी आणि वरून पाणी घरंगळून जाईल असा उतार द्यावा. माळ्यावरही कौले गळतात ती जागा सोडावी. जुना पेंढा आधी काढावा, नवा त्याच्यावर दडपू नये.

पारख सोपी आहे. चांगला पेंढा फिकट पिवळा, हातात कुरकुरणारा, वासाला गोडसर. पेंढी झटकली असता पांढरा-काळा भुरका उडाला, कुबट वास आला, की बुरशी धरली म्हणावे. गंजीत हात घालून पाहावा. आत ऊब लागली तर ओल मुरून पेंढा कुजू लागला आहे.

पेंडीच्या बाबतीत तर अधिकच जपले पाहिजे. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता कारण निघाले ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. तिच्यावरील बुरशीने जे विष केले होते, त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. गाईने अशी पेंड खाल्ली तर त्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि दूध उकळल्याने तो जात नाही. बुरशी झाडून, पेंड उन्हात घालूनही विष मागे राहतेच. म्हणून पेंडीची पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत; गाठी झालेली, खवट पेंड खताच्या खड्ड्यात टाकावी.

आता आम्हा शहरवासीयांविषयी. बुरशी आलेला पाव, आंबलेला भात गाईपुढे ठेवून आम्ही पुण्य जोडतो! जे आपल्या मुलाला देववत नाही, ते गाईला घालू नये. कारण तिचेच दूध त्या मुलाच्या पेल्यात येते. आणि दूधवाल्याशी चार पैशांसाठी घासाघीस करताना एवढे ध्यानात असावे, की चांगल्या पेंडीला दाम पडतो. तो आम्ही दिला नाही, तर गोठ्यात स्वस्त आणि जुनी पेंड येणार, आणि दोष मात्र आम्ही गवळ्याला देणार.