ध्वनिमुद्रकाची निवड

जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आजीबाई आतां थोड्याच उरल्या आहेत. त्यांचा आवाज टिपावयास निघणाऱ्यानें सुटसुटीत ध्वनिमुद्रक कसा निवडावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

दुकानदार रंगीत पडदा दाखवील. तिकडे पाहूं नये. निवांत खोलींत मुद्रक कांहीं वेळ चालवावा, कोणी बोलूं नये, आणि मग तें मुद्रण हेडफोन लावून ऐकावें. त्यांत ‘सूं’ असा आवाज ठळक असेल, तर थकलेल्या गळ्याचा बारीक स्वर त्यांत बुडालाच म्हणून समजावें.

जातें घरघरतें, ओवी हळू. अशा वेळीं ‘३२ बिट फ्लोट’ ही सोय उपयोगी पडते. पातळी चुकली तरी घरीं सांवरतां येते. ध्वनि मायक्रोफोनलाच न पेलला, तर मात्र इलाज नाहीं. अंगणांत बसावयाचें असल्यास वाऱ्यासाठीं मायक्रोफोनला केसाळ टोपडें हवेंच. पेन्सिल सेलवर चालणारा मुद्रक बरा. ते सेल खेड्यांतहि मिळतात.

आणखी एक. कित्येक मुद्रकांत पहिल्या दाबानें तांबडा दिवा केवळ लुकलुकतो. दुसऱ्या दाबानें तो स्थिर होतो, आणि तेव्हांच मुद्रण सुरू होतें. हें ठाऊक नसल्यामुळें मी एकदां तासभर नुसताच बसलों. आजीबाईंनीं पुन्हां ओव्या म्हटल्या. पण आठच, आणि घाईघाईनें.