घरची चाचणी आणि रुग्णालयाचे दार
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील आपल्यासमोर आलाच आहे. त्यात न बसणारी एक गोष्ट आज निवेदन करावयाची आहे.

जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, डायलिसिस विभागात येणाऱ्या नातेवाइकांसाठी आम्ही एक नियम केला. घरी केलेल्या कोविड चाचणीची 'निगेटिव्ह' पट्टी दाखवावी आणि आत यावे. नियम सोयीचा होता. दारावर गर्दी होत नसे. एके सकाळी एक गृहस्थ घसा बसलेला असतानाही पट्टीच्या आधारावर वडिलांपाशी बसून गेले. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील आरटी-पीसीआर चाचणीत ते बाधित निघाले. त्याच आठवड्यात त्यांचे वडील आणि शेजारच्या खाटेवरील एक भगिनी यांनाही लागण झाली. वडील नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. संसर्ग त्या गृहस्थांकडूनच आला, असे सिद्ध करता येणार नाही. परंतु दार आम्ही उघडे ठेवले होते, हे मान्य करावयास हवे.

पट्टीने फसवले, असे आम्ही म्हणणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मे २०२१ मध्ये घरगुती संचाला प्रथम मान्यता दिली, तेव्हाच सांगितले होते की, ही चाचणी लक्षणे असणाऱ्यांनी अथवा निश्चित रुग्णाच्या निकट सहवासातील व्यक्तींनीच करावी. 'पॉझिटिव्ह' आल्यास ती ग्राह्य धरावी. लक्षणे असूनही 'निगेटिव्ह' आल्यास मात्र आरटी-पीसीआर करून घ्यावी. आम्ही हे वाचले होते. नियम करताना त्याचा विसर पडला.

कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले. लक्षणे असलेल्या १०० बाधितांपैकी सरासरी ७२ जणांना अँटिजेन चाचणीने अचूक ओळखले. लक्षणे नसलेल्यांत ५८. पहिल्या आठवड्यात हे प्रमाण ७८, तर दुसऱ्यात ५१. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूचा अंश असंख्य पटींनी वाढवून मग शोधला जातो. पट्टीला नाकात असेल तेवढ्यावरच भागवावे लागते. त्यातच घरी बोळा वरवर फिरवला जातो, संच उन्हात गाडीत राहतो, कोणी पंधरा मिनिटांनी पाहावयाचा निकाल तासाभराने पाहतो. नियंत्रण रेषाच उमटली नाही, तर चाचणी बाद, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आम्ही वाणिज्य शाखेचे; म्हणून उलट बाजूचाही हिशेब मांडून पाहिला. निरोगी माणसाला चाचणी क्वचितच बाधित ठरवते, हजारांत सुमारे चौघांना. पण लक्षणे नसलेल्या १०,००० जणांत बाधित अवघे ५० असतील, तर पट्टी त्यांतील २९ जणांना ओळखील आणि सुमारे ४० निरोगींना बाधित ठरवील. म्हणजे साथ ओसरल्यावर सरसकट केलेल्या चाचणीत निम्म्याहून अधिक 'पॉझिटिव्ह' चुकीचे! आम्हांस हे आधी खरेच वाटले नाही. आमच्या प्रयोगशाळाप्रमुखांनी आकडेमोड पुन्हा करून दाखविली.

तथापि घरची चाचणी टाकाऊ नव्हे. ताप आलेल्या माणसाला दोन रेषा दिसल्या, तर त्याने त्याच घटकेस वेगळ्या खोलीत जावे. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबू नये. लाटेच्या काळात यामुळे अनेक घरांतील वृद्धांचा बचाव झाला असेल.

आता डायलिसिस विभागाच्या दारावर पट्टी पाहिली जात नाही. खोकला, ताप, घसा यांची विचारपूस होते. लक्षणे असणाऱ्या नातेवाइकाची आरटी-पीसीआर चाचणी आपल्या देणगीनिधीतून विनामूल्य केली जाते. त्याचा खर्च अहवालात 'संसर्ग प्रतिबंध' या शीर्षाखाली दाखविला आहे. ते वडील आजही आठवड्यातून दोनदा येतात. चिरंजीवांना सर्दी असेल, त्या दिवशी ते डबा दारावर परिचारिकेच्या हाती देतात आणि जिन्याखालून दूरध्वनीवर वडिलांशी बोलतात.