हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की आमच्या मोर्शीत दोन गोष्टी होतात. आंबिया बहाराची संत्री ट्रकमध्ये भरू लागतात, आणि माझे वडील इस्त्रीचा शर्ट घालून ‘आपण जिवंत आहोत’ हे सरकारला सांगायला निघतात. अब्बा १९६३ साली ग्रेनेडियर्समध्ये भरती झाले. परमवीर अब्दुल हमीद यांची ही रेजिमेंट. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत ते शहीद झाले. अब्बांची बटालियन वेगळी, पण ते नाव निघाले की आजही त्यांची पाठ ताठ होते.

‘हयातीचा दाखला’ हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. दोन्ही शब्द मूळचे अरबी, प्रत्यय तेवढा मराठी. आमच्या घरासारखाच! पूर्वी बँकेत साहेबासमोर उभे राहून सही केली की काम व्हायचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आले आणि यंत्रावर बोट ठेवायची सोय झाली. पण फौजेनंतर वीस वर्षे संत्र्याची आळी खणणाऱ्या माणसाच्या बोटांवर रेषा उरतात कुठे? चार वेळा यंत्राने नाकारले, तेव्हा अब्बा तिथल्या पोराला म्हणाले, “काऊन बे, मी तुले समोर उभा दिसून नाही राह्यलो काय?” २०२१ पासून चेहरा दाखवूनही भागते. मोबाइल धरायला घरात कोणीतरी हवे, एवढेच.

खरी अडचण निराळीच निघाली. पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेत गेली, तेव्हा मी अब्बांचे सगळे तपशील पहिल्यांदा ओळीने वाचले. पत्नीचे नाव ‘मुन्नीबी’. हे आईचे माहेरचे लाडाचे नाव! भरतीनंतर कुणा कारकुनाने ऐकले तसे लिहिले असावे. जन्मतारखेचा रकाना कोरा. आधारवर मात्र तिचे पूर्ण नाव. माणूस गेल्यावर पत्नीला साधारणतः शेवटच्या पगाराच्या ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, पण ते ज्या नावाने नोंद आहे त्या नावाला.

अब्बांना सांगितले तर म्हणाले, “पेन्शन बराबर येते ना? मंग कायले उकरतं?” पुढे मला ‘तुमच्यानंतर’ हा शब्द उच्चारता येईना. मृत्यूवर मी पुष्कळ कविता लिहिल्या आहेत, मुशायऱ्यांत दादही घेतली आहे. घरात जीभ उचलेना. शेवटी आईच स्वयंपाकघरातून बोलली, “तुमच्यामागं मले त्या हापिसात कोन वयखन?”

अब्बा काही बोलले नाहीत. उठून लोखंडी पेटी उघडली. वर डिस्चार्ज बुक, खाली जुना पीपीओ आणि तळाशी उर्दूतला निकाहनामा. त्याचे भाषांतर मीच केले. मेहेरची रक्कम लिहिताना हसू आले. मग प्रतिज्ञापत्र झाले, दोघांचा एकत्र फोटो झाला, एसटीने अमरावतीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेटे झाले. तिथून कागद जबलपूरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. तिथे ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते, आणि मग सुधारित पीपीओ. एका टेबलावरून कागद परतही आले. फोटोत आईचा पदर कपाळावर उतरला होता म्हणे.

ज्यांच्या घरी माजी सैनिक आहे त्यांनी आजच पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि आधार शेजारी ठेवून पत्नीचे नाव व जन्मतारीख ताडून पाहावी. माणूस असताना त्याच्या सहीने जे होते, त्यालाच नंतर वारसांना फार धावावे लागते.

सुधारित पीपीओ आला, तेव्हा आईने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. तिला उर्दू येते, इंग्रजी येत नाही. तिचे नाव मागच्या बाजूला उर्दूत लिहून द्यावे म्हणून मी पेन्सिल काढली, तर अब्बा ओरडले, “सरकारी कागदावर नको लिहू! झेरॉक्सवर लिही.”