परदेशी प्रवेशापूर्वी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



उच्च शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण हा शब्द फार मोठा आहे. आपल्या घरी मात्र तो एजंटच्या रंगीत पत्रकातून येतो.

परदेशी शिक्षण आपणांस नवे नाही. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली लंडनला गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. पुढे १८७४ साली अंजुमन-इ-इस्लामच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. तेव्हा असे भाग्य एखाद्या धनिक घराचे असे. आज रिक्षाचालकाचा मुलगाही डॉक्टरकीसाठी परदेशी जातो. हे चांगलेच आहे, पण आता जोखीमही त्या रिक्षाचालकाच्या माथी आली आहे.

मुले बाहेर का जातात, हे उघड आहे. २०२४ साली 'नीट' परीक्षेसाठी सुमारे २४ लाख मुलांनी नावे नोंदविली. देशभरात एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. त्यांतही खाजगी महाविद्यालयांची फी ऐकून बाप गप्पच बसतो.

माझा एक विद्यार्थी युक्रेनला गेला. वडिलांनी कुवेतची सारी पुंजी घातली, आंब्याची बागही गहाण ठेवली. तो तिसऱ्या वर्षात असताना, फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले. त्या वेळी तेथे आपले सुमारे १८ हजार विद्यार्थी होते. मुलगा सुखरूप घरी आला, पण त्याचे शिक्षण अधांतरी राहिले. येथील महाविद्यालयांत या मुलांना सामावून घेण्याची कायद्यात तरतूद नाही, असे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या देशातील विद्यापीठात अभ्यास पूर्ण करण्याची मुभा मिळाली खरी. पण म्हणजे पुन्हा विमानभाडे, पुन्हा फी. बाग अजून सुटलेली नाही.

युद्ध कोणाच्या हाती नसते, मान्य. पण नियम आधी वाचणे आपल्या हाती आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम सांगतात की अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा. त्यानंतर बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, आणि भारतात आल्यावर आणखी बारा महिने. शिवाय त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरकीचा परवाना मिळाला पाहिजे. ही शेवटची अट पत्रकात मी तरी कधी छापलेली पाहिली नाही! 'नीट' उत्तीर्ण असणेही आवश्यक आहे. मग येथे परतल्यावर २००२ पासून सुरू असलेली चाळणी परीक्षा आहेच. ३०० गुणांपैकी १५० मिळवावे लागतात, आणि बहुतेक वेळा बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक मुले नापास होतात. ती मुले मठ्ठ नसतात. पुष्कळ ठिकाणी रुग्णाशी बोलायला स्थानिक भाषा लागते, ती न आल्यामुळे वॉर्डात शिकायचे ते राहून जाते.

आता तर परदेशी विद्यापीठेच इकडे येत आहेत. साउदम्प्टन विद्यापीठाचे वर्ग २०२५ साली गुरुग्रामला सुरू झाले. ही विद्यापीठे फी आणि प्रवेशाचे निकष स्वतःच ठरवितात. तेव्हा दारात आले म्हणजे परवडणारे झाले, असे समजू नका.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याज भरणारी 'पढो परदेश' ही केंद्राची योजना २०२२-२३ पासून बंद झाली. तीही पदव्युत्तर शिक्षणापुरतीच होती. काही पालक अजून तिची चौकशी करतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

माझ्या बोलण्याचा अर्थ मुलांना घरी बसवा असा कोणी घेऊ नये. मुलींना तर नाहीच नाही. (येथे टाळ्या मुलींच्या बाजूने आल्या, त्याची नोंद पालकांनी घ्यावी.) फक्त बयाणा देण्यापूर्वी विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रमाचे महिने आणि इंटर्नशिपची जागा एजंटकडून लेखी घ्या. मी शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात बसतो. तो कागद घेऊन या, आयोगाचे नियम समोर ठेवून आपण दोघे मिळून वाचू. येताना मुलालाही बरोबर आणा.